ग्रेडियंट आणि समपातळी वक्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला किंवा बीएस्सीला बहुचल कलनशास्त्र शिकताना सूत्रं लवकर पाठ होतात, पण चित्र डोळ्यांसमोर उभं राहत नाही. खालचे प्रश्न त्या चित्राबद्दल आहेत. चलांसाठी क्ष, य आणि गरज पडेल तिथे ज्ञ ही अक्षरं वापरली आहेत. फलनाला फ म्हटलं आहे.

समपातळी वक्र म्हणजे नेमकं काय?

फ(क्ष, य) हे दोन चलांचं फलन आहे, म्हणजे प्रतलावरच्या प्रत्येक बिंदूला ते एक संख्या देतं. ज्या बिंदूंना एकच संख्या मिळते, ते सगळे बिंदू मिळून एक समपातळी वक्र होतो. फ(क्ष, य) = ८ हा एक वक्र, फ(क्ष, य) = १२ हा दुसरा.

ही कल्पना आपण शाळेत भूगोलाच्या तासाला भेटलेलो असतो. स्थलनिर्देशक नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा म्हणजे 'समुद्रसपाटीपासूनची उंची' या फलनाचे समपातळी वक्र. हवामानाच्या नकाशावरच्या समदाब रेषा आणि समताप रेषाही तेच. एडमंड हॅली यांनी १७०१ मध्ये अटलांटिक महासागराचा जो नकाशा छापला, त्यात होकायंत्राचं विचलन जिथे सारखं आहे ती ठिकाणं रेषांनी जोडलेली होती. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्यासाठी मोजणी झाली. त्या मोजणीचं गणित करताना चार्ल्स हटन यांच्यापुढे उंचीच्या सुट्या आकड्यांचा ढीग होता, आणि सारख्या उंचीचे बिंदू जोडल्यावर त्या ढिगातून डोंगराचा आकार दिसू लागला.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की समपातळी वक्र नकाशावर असतो. डोंगराभोवती आडवी फिरणारी पायवाट आणि नकाशावरची तिची रेषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कलनशास्त्र नकाशावरच्या रेषेबद्दल बोलतं.

हाताने वक्र काढायचे असतील तर सुरुवात कुठून करायची?

फ = क्ष² + ४य² घ्या. त्याला ४, ८, १२, १६ अशा समान अंतराच्या किमती द्या. प्रत्येक वेळी लंबवर्तुळ मिळेल. ही लंबवर्तुळं क्ष-अक्षाला अनुक्रमे २, २.८३, ३.४६ आणि ४ वर छेदतात. त्यांच्यामधली अंतरं ०.८३, ०.६३, ०.५४ अशी कमी होत जातात, म्हणजे बाहेर जावं तसा चढ वाढतो. किमती समान अंतराच्या घेतल्या नाहीत तर हे वाचन चुकतं. एवढी शिस्त पाळायलाच हवी.

दोन समपातळी वक्र एकमेकांना छेदू शकतात का?

वेगवेगळ्या किमतींचे दोन वक्र कधीच छेदत नाहीत. छेदले, तर त्या बिंदूला फलनाच्या दोन किमती होतील, आणि मग ते फलनच राहणार नाही.

इथे ट्रेकर मंडळी हमखास हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा प्रश्न काढतात, आणि तो योग्य आहे. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे वरची कड पायथ्याच्या पुढे आलेली आहे. तिथे नकाशावरच्या एकाच बिंदूच्या उभ्या रेषेत कड्याचे दोन-तीन पृष्ठभाग येतात. त्यामुळे त्या पट्ट्यात 'उंची' हे क्ष आणि य यांचं फलन नाहीच. गणित तिथे मोडत नाही, आपण लावलेली अट मोडते.

एकाच किमतीचा वक्र मात्र स्वतःला छेदू शकतो. क्ष² − य² = ० याचा वक्र म्हणजे मूळबिंदूवर छेदणाऱ्या दोन सरळ रेषा. असं छेदन कुठे होतं, ते पुढे 'ग्रेडियंट शून्य' या प्रश्नात येईल.

ग्रेडियंट कसा काढतात?

दोन्ही आंशिक विकलज (एक चल स्थिर धरून दुसऱ्याच्या बाबतीत काढलेले विकलज) काढायचे आणि सदिशाचे घटक म्हणून शेजारी लिहायचे: ∇फ = (∂फ/∂क्ष, ∂फ/∂य). फ = क्ष² + ४य² साठी ∇फ = (२क्ष, ८य). बिंदू (२, १) वर तो (४, ८). त्या बिंदूतून जाणारा समपातळी वक्र फ = ८ चा.

ग्रेडियंटचा बाण डोंगराच्या उतारावर वर तोंड करून उभा असतो ना?

नाही. या विषयातल्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं, म्हणून जरा सविस्तर.

(४, ८) या सदिशाला दोन घटक आहेत. डोंगर तीन मितींत आहे. दोन घटकांचा बाण तीन मितींच्या पृष्ठभागावर चिकटवताच येत नाही. तो नकाशाच्या कागदावर, पूर्ण आडवा पडलेला असतो. तो सांगतो एवढंच, की या बिंदूवर उभे असाल तर कोणत्या दिशेला तोंड केल्यावर चढ सर्वात तीव्र आहे, आणि तो किती तीव्र आहे. चढणं हे तुमच्या पायांचं काम. बाण फक्त दिशा आणि दर देतो.

बाणाची लांबी म्हणजेही डोंगरावरचं अंतर नव्हे. (४, ८) ची लांबी √८० म्हणजे सुमारे ८.९४. याचा अर्थ त्या दिशेने आडवं एक एकक सरकल्यास फलन साधारण ८.९४ एककांच्या दराने वाढतं. प्रत्यक्ष पृष्ठभागावरची चढाची दिशा हवी असेल तर तिसरा घटक जोडावा लागतो, आणि तो असतो लांबीचा वर्ग: (४, ८, ८०). हा तीन घटकांचा सदिश डोंगराला स्पर्श करतो. ग्रेडियंट त्याची नकाशावर पडलेली सावली आहे.

याच गैरसमजातून आणखी एक चूक होते. शिखराजवळ फलन मोठं, म्हणून बाणही मोठा काढला जातो. खरं तर गुळगुळीत शिखराकडे जाताना बाण लहान होत जातात आणि माथ्यावर शून्य होतात. बाणाच्या लांबीचा संबंध उंचीशी नाही, उंची बदलण्याच्या दराशी आहे. सह्याद्रीतली विस्तीर्ण पठारं उंचावर आहेत, पण त्यांच्या माथ्यावर ग्रेडियंट जवळजवळ शून्य आहे.

पण सर्वात तीव्र चढाची दिशा तीच कशावरून?

एखाद्या बिंदूपासून एकक सदिश उ च्या दिशेने निघालं, तर फलन बदलण्याचा दर म्हणजे दिशिक विकलज, आणि तो ∇फ · उ इतका असतो. अदिश गुणाकाराची व्याख्या वापरली की तो |∇फ| कॉस थीटा होतो, थीटा हा दोघांमधला कोन. कॉस थीटा सर्वात मोठा म्हणजे १, आणि तो कोन शून्य असताना. म्हणून ग्रेडियंटच्या दिशेने दर सर्वाधिक, बरोबर उलट दिशेने सर्वात कमी, आणि ९० अंशांवर शून्य.

परीक्षेत इथे गुण जातात ते दिशा एकक सदिशात न बदलल्यामुळे. (२, १) वर (३, ४) या दिशेचा दर हवा असेल तर आधी ५ ने भागून (३/५, ४/५) करा. मग ४ × ३/५ + ८ × ४/५ = ४४/५ = ८.८. पडताळा सोपा आहे: उत्तर ग्रेडियंटच्या लांबीपेक्षा, म्हणजे ८.९४ पेक्षा, जास्त येताच कामा नये. भागायला विसरलात तर ४४ येईल आणि चूक लगेच दिसेल.

ग्रेडियंट समपातळी वक्राला लंब का असतो?

पुस्तकातली सिद्धता दोन ओळींची आहे. वक्रावरून चालताना फ(क्ष, य) ची किंमत बदलत नाही, म्हणून वेळेनुसार तिचा विकलज शून्य. साखळी नियमाने हाच विकलज ∇फ आणि वेग-सदिश यांचा अदिश गुणाकार आहे. वेग-सदिश वक्राच्या स्पर्शिकेवर असतो. गुणाकार शून्य, म्हणून दोन्ही लंब. आपल्या उदाहरणात (२, १) वर स्पर्शिकेची दिशा (२, −१) आहे, आणि ४ × २ − ८ × १ = ०.

सिद्धता बरोबर आहे, पण मला दुसरी मांडणी जास्त पटते. एखाद्या बिंदूजवळ नकाशा खूप मोठा करून पाहा. वळणदार वक्र जवळजवळ सरळ, समांतर आणि समान अंतरावरच्या रेषा वाटू लागतील. आता एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जायचं आहे. कुठूनही गेलात तरी फलनातली वाढ तेवढीच, कारण पुढची रेषा एकच आहे. मग सर्वात तीव्र वाट कोणती? जी सर्वात कमी अंतरात तेवढी वाढ देते ती. दोन समांतर रेषांमधलं सर्वात कमी अंतर लंबाच्या दिशेने असतं. सर्वात तीव्र चढ आणि लंब दिशा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे इथे सूत्राशिवाय दिसतं.

संगणकावर आलेख काढला, पण बाण वक्राला लंब दिसत नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा गणित बरोबर असतं. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नसतं. आलेख काढणाऱ्या अनेक प्रणाली चित्र खिडकीत बसवण्यासाठी एक अक्ष ताणतात. ताणलेल्या चित्रात काटकोन काटकोन राहत नाही. दोन्ही अक्षांचं प्रमाण समान करा, बाण सरळ होतील.

यामागे खोल मुद्दा आहे. लंब आणि तीव्र हे दोन्ही शब्द अंतर मोजण्याच्या पद्धतीवर उभे आहेत. क्ष म्हणजे खताचे किलो आणि य म्हणजे पाण्याचे तास असतील, तर 'सर्वात तीव्र दिशा' एककांवर ठरते. किलोऐवजी ग्रॅम घेतले की दिशा बदलते. समपातळी वक्रावरच्या बिंदूंना मात्र एकक बदलल्याने काही होत नाही: जी जोडी सारखं उत्पन्न देत होती, ती तसंच देत राहते. मोजमापांची जात वेगळी असेल तिथे ग्रेडियंटचा अर्थ लावताना हे विसरू नये.

छापील नकाशावरून ग्रेडियंट वाचता येतो का?

येतो, आणि एकदा तरी करून पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर साधारणपणे लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर.

दोन रेषा एकमेकींपासून २ मिलिमीटरवर असतील, तर आडवं अंतर १०० मीटर आणि चढ २० मीटर. ग्रेडियंटची लांबी ०.२, कोन सुमारे ११ अंश. हा बैलगाडीलाही जड जाणारा चढ. त्याच रेषा अर्ध्या मिलिमीटरवर आल्या की आडवं अंतर २५ मीटर, ग्रेडियंट ०.८, कोन सुमारे ३९ अंश. तिथे हाताचा आधार लागू शकतो. अंतर लंब दिशेनेच मोजायचं. तिरकं मोजलं तर चढ कमी भासतो.

म्हणजे रेषांमधलं अंतर आणि ग्रेडियंटची लांबी व्यस्त प्रमाणात आहेत, आणि त्यांचा गुणाकार दर ठिकाणी साधारण २० मीटर. नकाशावर बाण छापलेले नसले तरी सगळे बाण त्यात आहेतच.

नकाशा काय सांगत नाही तेही बघा. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. २० मीटरच्या अंतराने रेषा काढल्या तर माथ्याभोवतीचं शेवटचं कडं १,६४० चं. नुसत्या रेषांवरून एवढंच कळतं, की माथा १,६४० च्या वर आणि १,६६० च्या खाली आहे. नेमकी उंची वेगळी छापावी लागते.

ग्रेडियंट शून्य झाला म्हणजे शिखर आलं का?

नाही. तीन मुख्य शक्यता आहेत. शिखर आणि खळगा, दोन्हींभोवती समपातळी वक्र बंद कड्यांसारखे. तिसरी शक्यता खोगीर बिंदूची. डोंगररांगेतली खिंड म्हणजे हाच: घाट चढून आलेल्याला ती वाटेवरची सर्वात उंच जागा, आणि धारेवरून चालणाऱ्याला सर्वात सखल. तिथे समपातळी वक्र स्वतःला फुलीसारखा छेदतो, क्ष² − य² = ० सारखा.

ओळखायला दुसऱ्या क्रमाचे विकलज लागतात. क्षचा दुसरा विकलज गुणिले यचा दुसरा विकलज, वजा मिश्र विकलजाचा वर्ग. उत्तर ऋण आलं तर खोगीर. धन आलं तर क्षच्या दुसऱ्या विकलजाचं चिन्ह बघा: ऋण असेल तर शिखर, धन असेल तर खळगा. शून्य आलं तर ही कसोटी काही बोलत नाही.

शिखरं, खळगे आणि खिंडी यांची संख्याही मोकाट नसते. गणितज्ञ केली यांनी १८५९ मध्ये आणि भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये यावर लिहिलं. किनाऱ्यापासून सगळीकडे आत चढत जाणारं, गुळगुळीत, मध्ये भोक नसलेलं बेट घ्या. तिथे वरच्या तीनच प्रकारचे बिंदू असतील, तर शिखरं अधिक खळगे वजा खिंडी नेहमी १. दोन शिखरं असतील तर किमान एक खिंड असायलाच हवी.

पाणी, उष्णता, वारा हे सगळे ग्रेडियंटच्या उलट दिशेने वाहतात का?

उष्णतेबाबत उत्तर जवळजवळ 'हो' आहे. फूरिये यांच्या १८२२ च्या नियमानुसार उष्णता तापमानाच्या ग्रेडियंटच्या उलट, म्हणजे समताप रेषांना लंब वाहते. अट अशी, की पदार्थ सर्व दिशांना सारखा असावा. लाकडात उष्णता तंतूंच्या दिशेने जास्त सहज जाते, त्यामुळे तिथे लंब सुटतो.

पाणी उताराच्या दिशेने निघतं, पण वेग घेतल्यावर वळणावर सरळ जाऊ पाहतं. नकाशावर ओढा समोच्च रेषांना साधारण लंब छेदतो, तंतोतंत नाही.

वारा तर उघड अपवाद आहे. जमिनीपासून सुमारे एक किलोमीटर वर तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न जाता बहुतांशी समदाब रेषांना समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो वळतो. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये नियम सांगितला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब डाव्या हाताला असेल. बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात ते म्हणूनच. ग्रेडियंट ढकलण्याची दिशा सांगतो. वस्तू कुठे जाते हे भौतिकशास्त्र ठरवतं.

ग्रेडियंटच्या उलट चालत राहिलं की थेट तळाशी पोचतो का?

गणितज्ञ कोशी यांनी १८४७ मध्ये सुचवलेली ही रीत आज यंत्रशिक्षणात (मशीन लर्निंगमध्ये) रोज वापरली जाते. पोचतो बऱ्याचदा, थेट क्वचितच.

फ = क्ष² + १०य² घ्या. तळ (०, ०) ला. सुरुवात (१०, १) पासून. ग्रेडियंट (२०, २०), म्हणून पाऊल (−१, −१) या दिशेला पडणार. तळ मात्र (−१०, −१) या दिशेला आहे! सर्वात तीव्र उतार फक्त पायाखालच्या जमिनीचा असतो, तळ कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. त्या दिशेने जिथवर उतार मिळेल तिथवर गेलो तर (९०/११, −९/११) वर थांबतो. म्हणजे दोन्ही अंतरं ९/११ पट झाली आणि य ची बाजू पालटली. पुढचं पाऊलही तसंच, मग पुन्हा तसंच. अशा नागमोडी वाटेने तळापासूनचं अंतर शंभरावा भाग व्हायला २३ पावलं लागतात.

कारण समपातळी वक्रांत दिसतं: लंबवर्तुळं चपटी आहेत. य च्या जागी √१० य हे नवीन माप घेतलं की तीच लंबवर्तुळं वर्तुळं होतात, आणि वर्तुळाला लंब म्हणजे त्रिज्या. मग एका पावलात तळ. माहिती यंत्राला देण्याआधी सगळे स्तंभ एका मापात आणतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

दोन्ही आंशिक विकलज मिळाले की ग्रेडियंट आहे असं म्हणायचं?

नाही. फ = क्षय / (क्ष² + य²) घ्या आणि मूळबिंदूवर किंमत ० ठरवा. दोन्ही अक्षांवर फलन शून्य, म्हणून मूळबिंदूवर दोन्ही आंशिक विकलज शून्य. पण क्ष = य या रेषेवर किंमत सतत १/२ आहे. या फलनाचे समपातळी वक्र म्हणजे मूळबिंदूकडे येणाऱ्या सरळ रेषा, प्रत्येक किमतीच्या. सगळ्या एकाच जागी गोळा होतात, त्यामुळे तिथे फलन सलगसुद्धा नाही. (०, ०) हा सदिश लिहिता येतो, पण त्यातून दिशिक विकलज काढले तर ते खोटे. दोन्ही आंशिक विकलज त्या बिंदूच्या परिसरात सलग असतील, तर मात्र निश्चिंत राहा.

लाग्रांज गुणकाचा यात काय संबंध?

डोंगरावरून जाणाऱ्या वाटेवरची सर्वात उंच जागा कुठे असते? जिथे वाट समोच्च रेषेला फक्त स्पर्शून परतते. रेषा ओलांडत असेल, तर पुढे अजून चढ आहे. वाट म्हणजे ग या दुसऱ्या फलनाचा एक समपातळी वक्र असं धरा. स्पर्श म्हणजे दोघींची लंब दिशा एकच, म्हणून दोन ग्रेडियंट समांतर: ∇फ = λ∇ग. यातली λ ही संख्या म्हणजेच लाग्रांज गुणक.

एका बाजूला भिंत आहे, उरलेल्या तीन बाजूंना ४० मीटर कुंपण घालायचं आहे. भिंतीला समांतर बाजू क्ष, दुसऱ्या दोन य. क्ष + २य = ४०, क्षेत्रफळ क्षय. ग्रेडियंट (य, क्ष) आणि (१, २) समांतर, म्हणून क्ष = २य. उत्तर क्ष = २०, य = १०, क्षेत्रफळ २०० चौरस मीटर.

तीन चल असतील तर?

वक्राच्या जागी समपातळी पृष्ठ येतं आणि ग्रेडियंट त्याला लंब असतो. क्ष² + २य² + ३ज्ञ² = ६ या पृष्ठावर (१, १, १) ला ग्रेडियंट (२, ४, ६), म्हणून स्पर्शप्रतल क्ष + २य + ३ज्ञ = ६.

मग डोंगराच्या पृष्ठभागाला लंब असलेला बाण पुस्तकात काढतात, तो कोणता?

तो दुसऱ्या फलनाचा ग्रेडियंट आहे. डोंगर ज्ञ = फ(क्ष, य) हा ग = फ(क्ष, य) − ज्ञ या तीन चलांच्या फलनाचं शून्य किमतीचं समपातळी पृष्ठ म्हणून बघता येतो. ∇ग = (∂फ/∂क्ष, ∂फ/∂य, −१). हा तीन घटकांचा आहे, पृष्ठाला लंब आहे आणि डोंगराच्या आत, खाली रोखलेला आहे. त्यातला तिसरा घटक काढून टाकला की उरतो तो ∇फ, नकाशावरचा आडवा बाण. वर्गात 'ग्रेडियंट लंब असतो' हे वाक्य दोन्ही वेळा ऐकू येतं. कोणत्या फलनाचा ग्रेडियंट आणि कशाला लंब, हे प्रत्येक वेळी शेजारी लिहून ठेवा.